धंद्याची मेल ब्राउझरमध्ये की डेस्कटॉपवर?

पॅकहाउसवाला, पिंपळगाव बसवंत
द्राक्ष निर्यातीची कागदपत्रं बघतो. जानेवारी ते एप्रिल रोज अडीच-तीनशे मेल येतात. रेसिड्यू रिपोर्ट (फळात राहिलेल्या औषधांच्या अंशांची लॅब तपासणी), फायटो (माल कीडरोगमुक्त असल्याचा दाखला), पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), न्हावा शेवा बंदराच्या कटऑफच्या, म्हणजे कंटेनर पोचवायच्या शेवटच्या वेळेच्या सूचना. एवढा पसारा ब्राउझरच्या एकाच इनबॉक्समध्ये ठेवणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. माझं ठाम मत आहे, मेल थंडरबर्ड किंवा आउटलुक अशा डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्यावी.

गेल्या हंगामात रात्री साडेनऊला रॉटरडॅमच्या एजंटाचा फोन आला. एका कंटेनरच्या रिपोर्टवर बागेचा नोंदणी क्रमांक जुळत नव्हता. इथे लाइट गेलेली, राउटर बंद, मोबाइलला रेंज बोलण्यापुरतीच. लॅपटॉपवर थंडरबर्ड उघडून कंटेनर नंबर टाकला, चार अक्षरं नि सात आकडे. अकरा मेल निघाल्या. त्यातल्या सातवीत लॅबने पाठवलेला दुरुस्त रिपोर्ट होता. नंबर फोनवरच वाचून दाखवला. मेल फक्त ब्राउझरमध्ये असती तर ती रात्र हातची गेली असती.

अंबडकर
दादा, तुमची रात्र निभावली, आमची नाही निभावली. आमचं मशीन शॉप आहे. जुन्या संगणकावर आउटलुक पॉप-थ्रीवर (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घ्यायची पद्धत) लावलेलं, सर्व्हरवर कॉपी ठेवायची टिक काढलेली. सहा वर्षांचे ड्रॉइंग, पीओ (खरेदी ऑर्डरी), रिजेक्शनचे वाद, सगळं एका पीएसटी फाइलीत, म्हणजे आउटलुक संगणकावर मेल साठवतं त्या फाइलीत. हार्ड डिस्क गेली नि सगळंच गेलं. ग्राहकाने टॉलरन्स (मापात चालणारा फरक) तोंडी नाही, मेलवर बदलून दिला होता, पण दाखवायला ती मेलच उरली नाही. सगळा लॉट आमच्या अंगावर पडला. तेव्हापासून फक्त ब्राउझर. शोधायचं तर 'फ्रॉम' आणि 'हॅज अटॅचमेंट' लिहिलं की पुरतं. ऑफलाइनची सोयसुद्धा जीमेल क्रोममध्ये देतं.

पॅकहाउसवाला, पिंपळगाव बसवंत
नुकसान ऐकून वाईट वाटलं. पण भाऊ, दोष पॉपचा आणि बॅकअप नसण्याचा आहे. आयमॅप लावलं तर मूळ मेल सर्व्हरवरच राहते, संगणकावर तिची प्रत असते. आणि क्रोममधली ऑफलाइन सोय ठरावीक दिवसांच्याच मेल ठेवते. मला मागच्या हंगामातली मेल लागते.

नाशिकरोडची हिशेबनीस
दोघांनाही एक सांगते. आयमॅप म्हणजे बॅकअप नाही. कोणी सर्व्हरवरून मेल पुसली की तुमच्या संगणकावरूनही जाते. जीएसटीत हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. बिलं मेलवर येतात नि मेलवरच राहतात, मग नोटीस आली की माझ्या टेबलासमोर धावपळ. मी अशिलांना सांगते, वर्ष संपलं की त्या वर्षाची मेल वेगळ्या फाइलीत काढा, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि ती डिस्क घरी. फुकटच्या जीमेलचे १५ जीबी ड्राइव्ह नि फोटोंसकट असतात, ड्रॉइंग पाठवणाऱ्यांना ते पुरत नाहीत.

अंबडकर
ताई, हे पटलं. पण पीएसटी वाढत गेली की आउटलुक रडतं, त्याचं काय?

नाशिकरोडची हिशेबनीस
म्हणूनच वर्षवार फाइल. आउटलुक २०१० पासून मूळ मर्यादा ५० जीबी आहे, पण तिथवर जाऊच देऊ नका. आणि पीएसटी ऑफिसच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून नेटवर्कवरून उघडू नका. मायक्रोसॉफ्टच नको म्हणतं. थंडरबर्डवाल्यांनी कॉम्पॅक्ट करत जावं. तिथे साधारण एका फोल्डरची एक फाइल असते, आणि पुसलेली मेल कॉम्पॅक्ट करेपर्यंत त्यात जागा अडवून बसते.

सातपूर एमआयडीसी
माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी. आमच्याकडे चौघं एकच सेल्सची मेल बघतात. चार संगणकांवर चार डेस्कटॉप सॉफ्टवेअर असलं की एकाच चौकशीला दोघं दोन भाव कळवतात. हे आमच्याकडे झालंय आणि ग्राहक अर्थातच कमी भाव धरून बसला.

पॅकहाउसवाला, पिंपळगाव बसवंत
चारही ठिकाणी आयमॅप असेल तर एकाने उत्तर दिल्याची बाणाची खूण सहसा बाकीच्यांनाही दिसते. पण उत्तर लिहायला घेतलंय हे दिसत नाही, तिथे तुमचं म्हणणं खरं आहे. आम्ही फिल्टर लावून खरेदीदारनिहाय फोल्डर केलेत, एका फोल्डरला एकच माणूस. युरोपचा माझ्याकडे, आखाताचा धाकट्या भावाकडे. दुसऱ्याच्या फोल्डरमधून कोणी उत्तर द्यायचं नाही.

सातपूर एमआयडीसी
आणि तो माणूस रजेवर गेला तर?

पॅकहाउसवाला, पिंपळगाव बसवंत
हंगामात रजा नसते आमच्याकडे. तुमच्याकडे बारा महिने काम, तुम्हाला हे जमणार नाही हे मान्य. ताई, मी आजवर वर्षवार फाइल काढलेली नाही. २०१९ पासूनचं सगळं एकाच प्रोफाइलमध्ये आहे. रविवारी लाइट राहिली तर बसतो.