प्रतिसाद: इद्रिसी सत्ता तलवारीने आली नाही

वर म्हटलंय की मोरोक्कोतल्या इद्रिसी घराण्याचा संस्थापक इद्रिस याने बर्बर (उत्तर आफ्रिकेतल्या मूळच्या) टोळ्या जिंकून राज्य उभारलं. उलट आहे. 786 मध्ये मक्केजवळच्या फख्खच्या लढाईत पैगंबरांचा जावई अली याच्या वंशजांचं अब्बासी खलिफांविरुद्धचं बंड फसलं आणि त्यांच्यातलाच इद्रिस जीव वाचवून इजिप्तमार्गे पश्चिमेला पळाला. सोबत सैन्य नव्हतं, होता तो राशिद नावाचा मुक्त केलेला गुलाम. 788 च्या सुमारास तो वलीलीला, म्हणजे जुन्या रोमन वोलुबिलिसला पोचला. तिथल्या औरबा या बर्बर टोळीचा प्रमुख इसहाक याने त्याला आश्रय दिला आणि इमाम, म्हणजे धर्माचा आणि राज्याचा प्रमुख, म्हणून मान्यता दिली. औरबांना पैगंबरांच्या घराण्याचा, कुठल्याच टोळीचा नसलेला माणूस मिळाला. त्याला भाले मिळाले. सरळ सौदा.

791 मध्ये त्याच्यावर विषप्रयोग झाला. बोट अब्बासी खलिफा हारून अल्-रशीदकडे दाखवलं जातं. इथेच कारभार आटोपायचा, पण कन्झा ही बर्बर दासी गरोदर होती. मुलगा झाला, राशिदने राज्य सांभाळलं आणि 803 मध्ये हे अकराएक वर्षांचं पोर, दुसरा इद्रिस, इमाम झालं. पुढे त्याने कैरवान (आजचं ट्युनिशिया) आणि अंदालुस (मुस्लिम स्पेन) इथले अरब जवळ केले आणि 808 मध्ये इसहाकलाच मारलं. आश्रयदात्याची ही परतफेड!

मोरोक्कोतलं फेस शहर 808 मध्ये दुसऱ्या इद्रिसने वसवलं असं म्हणतात, हेही अर्धंच. हिजरी 185 चा, म्हणजे 801 चा दिरहम (चांदीचं नाणं) फेसच्या टांकसाळीचा आहे. तेव्हा हा गादीवरही नव्हता. म्हणजे फेस आधीपासून होतं; त्याने नदीच्या समोरच्या काठावर अल्-आलिया ही नवी वस्ती उभारली.