प्रौढ साक्षरता वर्ग : शाळा, ग्रामसंघ आणि वाचनालय यांनी कामाची वाटणी कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या गावात 'उल्लास', म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रमाअंतर्गत शाळेने पंधरा वर्षांवरील असाक्षरांचे सर्वेक्षण केले आहे. बचत गटांच्या ग्रामसंघाने स्वतःचा वर्ग सुरू केला आहे, आणि आमचे सार्वजनिक वाचनालयही दोन वर्षांपासून आठवड्यातून तीन दिवस महिलांना शिकवत आहे. तिघांचाही हेतू चांगला आहे. परंतु काही महिलांची नावे तिन्ही वह्यांत आहेत, आणि वस्तीवरील ऊसतोड कुटुंबांतील एकही नाव कोणत्याच वहीत नाही. कोणाचेही काम न मोडता हे एकत्र कसे आणावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी

ताई, यादी एकच असावी आणि ती शाळेत असावी. 'उल्लास'च्या ॲपवर असाक्षर व स्वयंसेवक यांची नोंद आणि जोडणी शाळेमार्फत होते आणि चाचणीही शाळेतच होते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण असतात. त्यामुळे जी महिला तुमच्या वाचनालयात उत्तम वाचू लागली, पण जिचे नाव शाळेच्या यादीत नाही, ती प्रमाणपत्राला मुकते. मात्र यादी शाळेची म्हणजे कामही शाळेचे, असा अर्थ कोणी घेऊ नये. स्वयंसेवक विनामोबदला शिकवतात, आणि अशी माणसे मिळवून देणे हे ग्रामसंघाला शाळेपेक्षा अधिक चांगले जमते.

एर्नाकुलम जिल्हा फेब्रुवारी १९९० मध्ये पूर्ण साक्षर घोषित झाला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी प्रशासनाचे बळ दिले आणि केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेने कार्यकर्ते व कलापथके उभी केली. एकाने दुसऱ्याचे काम करण्याचा प्रयत्न केला नाही. आपल्याकडे त्याच्याही तीस वर्षे आधी, १९५९ मध्ये, साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होत असे आणि त्या ओढीने गावे पुढे सरसावत. परंतु समारंभानंतर वाचायला काही हाती पडले नाही, तर शिकलेली अक्षरे विसरली जातात, हे मी माझ्या नोकरीत वारंवार पाहिले आहे. म्हणून मला वाटते की वाचनालयाने प्राथमिक वर्ग सोडावा आणि चाचणीनंतरचे काम पूर्णपणे स्वतःकडे घ्यावे.

उत्तर : ग्रामसंघाची सचिव

सरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. फक्त वेळेचा विचार आधी करावा. आमच्याकडे पहिला वर्ग सायंकाळी सात वाजता ठेवला होता. ती स्वयंपाकाची वेळ असल्यामुळे पंधरा दिवसांत वर्ग रिकामा झाला, आणि महिलांना शिक्षणाची आवड नाही असा शेरा मात्र नोंदला गेला, याचे मला आजही वाईट वाटते. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेत वर्ग दुपारी, घरची कामे आटोपल्यावर भरत असे. तिथे जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत आणि शिकवायला गावातीलच एक सून, अशी साथ जमली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जात, कारण त्यांची वेळ आणि त्यांचा मान दोन्ही सांभाळले गेले होते.

ऊसतोड कुटुंबांबद्दल सांगायचे, तर दिवाळीच्या आसपास ती कारखान्याकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. १७ मार्च २०२४ च्या चाचणीच्या वेळीही ती फडावरच होती. त्यांचा वर्ग जून ते ऑक्टोबर या काळातच घ्यावा लागेल. गावात नसलेल्यांची नोंद सर्वेक्षणात राहून जाते, म्हणून ती परतल्यावर मुख्याध्यापकांसोबत वस्तीवर जाऊन नावे पुन्हा घ्यावीत. आमच्या गटातील महिला त्यांना ओळखतात, त्यामुळे संकोचही कमी होईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल मुख्याध्यापक आणि ग्रामसंघाच्या अध्यक्षा यांच्याशी बोलणे झाले. यादी शाळेकडे राहील, स्वयंसेवक व वर्गाची वेळ ग्रामसंघ ठरवेल, आणि आमचे वाचनालय चाचणी दिलेल्या महिलांसाठी दर शुक्रवारी दुपारी वाचन-तास घेईल. वर्गासाठी ग्रामपंचायतीचे सभागृह मिळावे असा ठराव पुढील ग्रामसभेत मांडणार आहोत. नवसाक्षरांना मोठ्या टाइपातील, सोप्या मराठीतील पण लहान मुलांची न वाटणारी पुस्तके लागतील; बसचे वेळापत्रक, बँकेचे पासबुक आणि रेशनकार्ड एवढ्यावर वर्षभराचे वाचन चालणार नाही. अशी पुस्तके कोणाच्या वाचनालयात प्रत्यक्ष वापरात असतील, तर त्यांची नावे कृपया येथे लिहावीत.