घरच्या घरी ताकद कमावली असेल तर इथे लिहा

धागाकर्ती

चालणं, पळणं, सूर्यनमस्कार यांवर भरपूर लिहून झालंय. हा धागा फक्त ताकदीचा. जिमला न जाता घरीच वजनं उचलून, रबरी पट्टे ताणून किंवा नुसत्या जोर-बैठकांवर ज्यांनी अंगात जोर आणला, त्यांनी लिहावं. वजनकाटा किती उतरला ते नको. आधी काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं, ते सांगा. मुख्य म्हणजे भार वाढवत कसा नेलात तेही लिहा, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. हौसेने दोन किलोचे डंबेल्स येतात आणि वर्षानुवर्षं तेच हलवले जातात.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान २ दिवस सगळ्या प्रमुख स्नायूंचा असा व्यायाम सांगते. ६५ च्या पुढे तोल आणि ताकद दोन्हींचा, किमान ३ दिवस.

माझं थोडक्यात. भरलेला सिलिंडर, म्हणजे १४.२ किलो गॅस आणि टाकी धरून तीसेक किलो, मी कडेकडेने फिरवत न्यायची. आता दोन्ही हातांनी उचलून ओट्याखाली ठेवते. सराव गव्हाच्या पिशवीवर केला, ५ किलोपासून. पाठ सरळ, गुडघे किंचित सैल, कंबरेतून वाकायचं आणि उठताना जोर पार्श्वभागाचा लावायचा.

माजघर

वय ६७, गुडघे कुरकुरणारे. माझी अडचण पाटाची. पूजेला बसले की उठताना कुणीतरी हात द्यावा लागायचा. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एकच व्यायाम दिला: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. सोपं वाटतं, करून बघा!

खुर्चीवर दोन उश्या ठेवून सुरुवात केली. पावलं थोडी मागे ओढून घ्यायची, छाती पुढे न्यायची आणि टाचांनी जमीन दाबत उठायचं. खरी मेहनत बसताना असते. धपकन बसायचं नाही. मनात चार आकडे मोजत खाली यायचं. मांड्या थरथरतात. दहा वेळा नीट जमायला लागलं की एक उशी काढायची. मग दुसरी. मग नुसती खुर्ची, मग मोरीतलं स्टूल. प्रत्येक वेळी बैठक थोडी खाली गेली की काम तेवढंच अवघड होतं, वेगळं वजन आणावं लागत नाही. पुढे छातीशी तांदळाची पिशवी धरायला लागले, तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, तांदूळ निवडायला काढलेत का?" म्हटलं, "नाही गं, व्यायामाला!"

पाटावरून आता एक हात गुडघ्यावर टेकवून उठते. बिनहाताचं अजून नाही.

पाचवा मजला

पुणे, भाड्याचा वन बीएचके, खाली तक्रारखोर काका. त्यामुळे उड्या मारणं आणि वजन आपटणं बाद.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. ढकलण्याचे व्यायाम घरात फुकटात होतात, ओढण्याचे होत नाहीत. पुश-अपला जमीन पुरते: आधी ओट्यावर हात, मग पलंगावर, मग जमिनीवर, शेवटी पाय पलंगावर आणि हात जमिनीवर. पाठीचं काय? सगळे छातीच्या मागे लागतात आणि खांदे पुढे झुकतात.

मी ऑफिसची जुनी सॅक घेतली आणि त्यात लिटरच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे एकेक किलोने वाढवता येतं. बाजारातल्या डंबेल्समध्ये ५ वरून एकदम ७.५ वर उडी मारावी लागते. एक हात सोफ्यावर टेकवायचा, पाठ जमिनीला समांतर, दुसऱ्या हाताने सॅक कमरेच्या दिशेने ओढायची. कोपर मागे जायला हवं. ती खांद्याकडे ओढली की काम दंडाचं होतं, पाठीचं नाही.

पुल-अपसाठी सोसायटीच्या बागेतला बार. वर जाता येत नव्हतं, म्हणून बाकावर चढून वरूनच सुरुवात करायचो आणि जमेल तितकं सावकाश खाली यायचो. उतरण्याच्या ताकदीतूनच चढण्याची आली.

लाल माती

कोल्हापूर. वरच्यांचं बरोबर आहे, पण जोर आणि पुश-अप एक नव्हेत हो. जोरात कंबर वर असते, छाती जमिनीलगत पुढे सरकते आणि पाठ कमानीसारखी वर येते. खांदे, पाठ, मनगट सगळंच कामाला लागतं.

आता तालमीतल्या कुणाला पटणार नाही असं लिहितो. पाचशे बैठकांनी दम वाढतो, मांड्या चिवट होतात. पण शंभर आरामात निघत असतील तर पुढच्या शंभरांनी ताकद फारशी वाढत नाही. ताकदीला आकडा नको, जडपणा हवा. शेवटच्या दोन-तीन अवघड गेल्या पाहिजेत. मी आता एका पायावर भार टाकून बैठका मारतो, मागचा पाय बाजेवर. वीसच्या आत गार होतो. आमचे आबा बघून म्हणाले, "लेका, दमलास व्हय एवढ्यात?" त्यांना एकदा करायला लावल्या. मग गप बसले.

अवांतर: मुद्गल फिरवणार असाल तर गच्चीवर. ट्यूबलाइट महाग झाल्यात.

हडसनपार

न्यू जर्सी. थंडीत बाहेर पडवत नाही, म्हणून पट्टे. रंगांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा निळा वेगळ्या ताकदीचा असतो. वापरण्याआधी ताणून बारीक चिरा बघा, उन्हात ठेवू नका. दारात अडकवणार असाल तर ओढल्यावर दार बंदच होईल अशा बाजूला उभे राहा.

मधुकोश

डायबेटिस आणि बीपी, दोन्ही. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर इन्शुलिनवाचूनही ओढून घेतात, म्हणून जेवणानंतर थोड्या वेळाने हलक्या बैठका मला मानवतात. साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सोबत काहीतरी गोड ठेवावं. आणि बीपीवाल्यांनो, जोर लावताना श्वास कोंडू नका. उचलताना सोडा, खाली आणताना घ्या. मी मोठ्याने आकडे मोजतो, म्हणजे श्वास अडकतच नाही. घरातले हसतात, हसू देत.

ताकाचा गडू

सगळं वाचलं, खाण्याबद्दल कुणीच नाही? आयसीएमआरचं साधं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्यांना याहून जास्त लागतं. वरण-भाताने ते भागेल असं आम्ही धरून चालतो. पण ३० ग्रॅम कच्च्या डाळीत जेमतेम साडेसहा-सात ग्रॅम, आणि तेवढी डाळ पातळ वरणात एका माणसाच्या वाट्याला येते का ते बघा. आमच्याकडे आता घट्ट उसळ रोज, दही, पनीर आणि सोया चंक्स. ५० ग्रॅम कोरड्या सोयात पंचवीसेक ग्रॅम मिळतात. अंडं खाणाऱ्यांना एका अंड्यामागे सहा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

नवी भरती

काल माजघरकाकूंचा व्यायाम केला, खुर्चीवर उश्या न ठेवता. आज संडासात बसवत नाहीये. बंद करू का?

पाचवा मजला

@नवी भरती, अजिबात नको. मांड्या भरून आल्या असतील तर ते नेहमीचंच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं आणि मग उतरतं. उद्या नुसतं चाल, परवा निम्म्याने कर. सांध्यात टोचलं किंवा सूज आली तर मात्र थांब आणि दाखवून घे. लघवी कोकच्या रंगाची झाली तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.

माजघर

अगं, उश्या ठेव की!