शाळेतला वायरिंगचा तास: हात तयार होतो की नुसता आत्मविश्वास?

कोरडा_हात:
माझं मत आधीच सांगतो. वीजकामाची सुरुवात माध्यमिक शाळेतच व्हावी, पण शिकवण्याचा क्रम उलटा करावा. पहिल्याच तासाला होल्डर-स्विच जोडून दिवा लावायचा, टाळ्या घ्यायच्या, हे बंद करा. पहिले तीन-चार तास एकच गोष्ट शिकवा: सर्किट खरंच मेलेलं आहे, म्हणजे तारेत वीज उरलेली नाही, हे सिद्ध कसं करायचं. एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) खाली, त्याला कुलूप आणि पाटी. मग दोन टोकांचा टेस्टर चालू लाइनवर लावून तो बरा आहे याची खात्री. मग बंद सर्किटवर तीन मापं: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. आणि टेस्टर पुन्हा चालू लाइनवर. ही शेवटची पायरी सगळे गाळतात, आणि मधल्या मधे टेस्टरच गेला असेल तर मेलेल्या टेस्टरवर विश्वास ठेवून माणूस तार धरतो. निऑनचा पेनासारखा टेस्टर तर या कामाला नकोच. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, आणि शेजारच्या तारेमुळे आलेल्या खोट्या व्होल्टेजवरही तो मिणमिणतो.

त्यानंतर तार सोलणं. हे क्षुल्लक वाटतं, पण घरातले निम्मे फॉल्ट इथेच जन्मतात असं माझं ठाम मत आहे. ब्लेडने सोलताना तांब्याला खाच पडली की तार तिथेच मोडते. कमी सोललं तर स्क्रू प्लास्टिकवर बसतो, जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर राहतं.

तिरकी_पक्कड:
हे सगळं कागदावर छान आहे हो. पण शाळेतला बोर्ड छातीच्या उंचीवर, उभा, उजेडात, नवीन तारांचा. खरं काम छताच्या पेटीत, शिडीवर, मान मागे टाकून, आणि आधीच्या माणसाने हाताला येईल त्या रंगाची तार न्यूट्रलला वापरलेली. पाइपात तीन वळणं झाली की तार ओढायची स्प्रिंग अडकते. जोर लावून ओढली तर तारेचं आवरण कडेला खरवडतं आणि ते महिनोन्महिने कळत नाही. हे पाटावर ठोकलेल्या बोर्डवर कसं शिकवणार? वर्षभर आठवड्याला दोन-तीन तास घेऊन मुलाच्या हातात प्रमाणपत्र पडतं, आणि 'मला येतं' म्हणणारा सोळा वर्षांचा पोरगा काही न येणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. शाळेने विज्ञान-गणित पक्कं करावं. पक्कड नंतर, जाणत्या वायरमनच्या हाताखाली.

शून्य_ओहम:
पक्कडराव, नेमकी उलटी बाजू सांगतो. कामावर 'अडीचची टाक' एवढंच ऐकू येतं. का टाकायची ते सांगायला तिथे कुणाला वेळ नसतो. हा हिशोब वर्गातच होतो. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण 7.41 मिलिओहम. अंतर 20 मीटर, जाऊन-येऊन 40, म्हणजे 0.3 ओहमला किंचित कमी. 16 अँपिअरला पावणेपाच व्होल्टची घट. 230 वर दोन टक्के, चालेल. हेच दीडच्या तारेने केलं तर मीटरला 12.1 मिलिओहम, घट पावणेआठच्या आसपास, आणि तार तापते ते वेगळंच.

दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा. बी प्रकारचा 16 चा एमसीबी क्षणात पडायची खात्री पाचपट करंटला, म्हणजे 80 अँपिअरला. त्यासाठी फॉल्टच्या वाटेचा एकूण रोध 2.87 ओहमच्या आत हवा. 'सारखा पडतो' म्हणून कुणी त्या जागी सी प्रकारचा बसवला की पडायला 160 लागतात, आणि मर्यादा निम्म्यावर येते. अर्थिंग जेमतेम असेल तर फॉल्ट आल्यावर यंत्राची बॉडी जिवंत, एमसीबी मात्र जागचा हलत नाही. हे हाताखाली काम करून आपोआप कळेल? मला नाही वाटत.

तिरकी_पक्कड:
हिशोबाला मी नाही म्हटलंच नाही, तो विज्ञानाच्या तासाला घ्या. माझा मुद्दा एक शिक्षक आणि पंचवीस मुलं हा आहे. 230 व्होल्टवर एकाच वेळी आठ बोर्ड चालू, आणि मास्तरांची पाठ एकीकडे.

कोरडा_हात:
मग 230 ठेवाच कशाला? दोन्ही गुंडाळ्या वेगळ्या असलेला 24 व्होल्टचा 250 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर, दुय्यम बाजूला 10 अँपिअरचा फ्यूज, आणि स्विच-पेट्या-पाइप सगळं खऱ्या मापाचं. जिन्याची जोडणी, दोन ठिकाणांहून एक दिवा, त्यावर तशीच्या तशी होते.

तिरकी_पक्कड:
आणि ढिला जोड तापतो ते 24 वर कसं दाखवणार? आरसीसीबी (करंट अर्थला गळला की पडणारा स्विच) कसा पाडणार? भीती गेली की शिस्तही जाते.

शून्य_ओहम:
जोड तापतो तो करंटने. ट्रकचे 24 व्होल्टचे, 70 वॉटचे तीन दिवे समांतर लावा. पावणेनऊ अँपिअर येतो. त्याच वाटेत पाव ओहमचा ढिला जोड आला की त्या एका स्क्रूपाशी पंधरा वॉटच्या वर उष्णता. बोट लावायची गरज पडत नाही, वासच येतो. (अंगठी आणि धातूचं घड्याळ आधी काढायला लावा. 24 व्होल्टने झटका बसणार नाही, पण शॉर्टमध्ये सापडलेली अंगठी बोट भाजते.)

आरसीसीबीही पडतो. 30 मिलिअँपिअरचा घ्या आणि त्याच्या लोडकडच्या फेजपासून पुरवठ्याकडच्या न्यूट्रलला 680 ओहमचा, दोन वॉटचा रेझिस्टर लावा. 35 मिलिअँपिअर गळतात. अट एकच, आरसीसीबी विद्युतचुंबकीय जातीचा हवा. इलेक्ट्रॉनिक जातीला स्वतःला चालायलाच बऱ्यापैकी व्होल्टेज लागतं, तो 24 वर मख्ख बसतो. टेस्टचं बटणही दबून काही होणार नाही, कारण त्याचा रेझिस्टर 230 धरून बसवलेला असतो. मुलांना हे आधी न सांगता विचारा: बटण दाबून पडत नाही, गळतीने पडतो, का? अर्धा तास छान जातो.

पाटी_पेन्सिल:
तिघांनीही परीक्षेचा विषय सोडला. दिवा लागला की गुण, ही पद्धत असेल तर बाकी सगळं वाया. मुलाला चालू बोर्ड न देता बिघडवलेला द्या. माझ्या पसंतीचे तीन फॉल्ट: जिन्याच्या एका स्विचवर कॉमन टोकाची तार आणि प्रवासी तार (दोन स्विचांना जोडणारी) यांची अदलाबदल (दुसरा स्विच एका स्थितीत असला की हा पूर्ण निकामी), वेगवेगळ्या आरसीसीबीवरच्या दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत, त्यामुळे लोड टाकताच आरसीसीबी पडणं, आणि न्यूट्रल-अर्थ चिकटलेले. तिसऱ्यात गंमत अशी की त्या सर्किटचा एकध्रुवी एमसीबी बंद केला तरी आरसीसीबी पडतच राहतो, कारण तो न्यूट्रल तोडत नाही आणि इतर सर्किटांचा परतीचा करंट त्या चिकटलेल्या जागेतून अर्थला फुटतो. मुलं तासभर फेज शोधत बसतात. गुण फॉल्ट सापडण्याला कमी, मापांच्या क्रमाला जास्त: कुठे मापलं, किती आलं, त्यावरून काय वगळलं, हे वहीत हवं.

मेगर, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मापायचं यंत्र, तोही इथेच शिकवा. पुरवठा बंद, डिमर आणि एलईडीचे ड्रायव्हर काढलेले, फेज-न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी 500 व्होल्ट. एक मेगाओहमच्या खाली आलं तर काम अमान्य. ड्रायव्हर तसाच ठेवून मेगर मारला तर वाचन खोटं येतं, आणि फेज-न्यूट्रल न बांधता मारला तर ड्रायव्हरही जाऊ शकतो.

तिरकी_पक्कड:
फॉल्टची पेटी मान्य. 24 व्होल्टही अर्धंमुर्धं मान्य. पण मग निम्मे बोर्ड छताच्या उंचीला उताणे ठोका, पाइपाला तीन वळणं द्या, आणि दोन-चार तारा मुद्दाम चुकीच्या रंगाच्या ओढून ठेवा. आणि प्रमाणपत्रावर 'वायरमन' नको, 'मदतनीस' लिहा. यावर मी हटणार नाही.

कोरडा_हात:
मदतनीस लिहा, हरकत नाही. फक्त शिडीवर चढायच्या आधी मेन बंद केल्याची मापं त्याने स्वतः घ्यावीत, वस्तादाने 'बंद आहे रे' म्हटलं म्हणून नव्हे.