जिद्द म्हणे बहाण्यापेक्षा मोठी
एकांनी लिहिलंय की जिद्द असली तर पोरगं रस्त्यावरच्या दिव्याखालीही शिकतं, घरची परिस्थिती हा नुसता बहाणा. मी बीडकडचा, माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, म्हणून थोडी भर.

आमच्याकडे दिवाळी झाली की नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडायला साखर कारखान्यावर जातो, तो परततो मार्च-एप्रिलात. दहावीची परीक्षाही फेब्रुवारी-मार्चमध्येच. सराव परीक्षा चालू असतात तेव्हा पोर आजीकडे, नाहीतर उसाच्या फडात. शिक्षणहक्क कायदा 14 वर्षांपर्यंतचा, त्यामुळे नववी-दहावी वाऱ्यावर. मागे एक मुलगी भूमितीच्या तासाला पेंगायची. आळशी समजून मी तिला दोनदा उभं केलं. मग कळलं, पाणी भरून, धाकट्या दोघांच्या भाकरी थापून ती यायची. आता सांगा, जिद्द कमी कुणाची?

अमेरिकेतल्या शाळांच्या मोठ्या पाहणीवरच्या 1966 च्या कोलमन अहवालात शाळेच्या साधनांपेक्षा घराचं वजन जास्त दिसलं, हे सगळे सांगतात. त्यातलीच दुसरी गोष्ट मात्र राहून जाते: आपल्या हातात काहीतरी आहे असं ज्या मुलांना वाटतं, त्यांचा निकाल बरा असतो. आणि हे वाटणं आभाळातून पडत नाही हो. आता एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, हिचंच घ्या: आठवीत परीक्षा देऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. फॉर्म भरायला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो काढणारे आई-बाप पुष्कळदा फडावर.

त्या मुलीची आई पुढे दर रविवारी फडावरून फोन करायला लागली. "सर, वही दाखवती का ती?" तेव्हापासून वही रोज टेबलावर यायची.