व्हीएलआयडब्ल्यू प्रोसेसरमंदी काम वाटते कोन?

दर्यापूरचा पोट्टा:
भाऊ हो, पेपर जवळ आला अन् व्हीएलआयडब्ल्यू (व्हेरी लाँग इन्स्ट्रक्शन वर्ड) काही केल्या डोक्यात शिरून नाही राहिलं. एकाच लांब इन्स्ट्रक्शनमंदी बरेच ऑपरेशन भरतात हे समजलं, पन कोनतं कोनासंग चालन हे ठरवते कोन?

कपाशीवाला:
कंपायलर, म्हंजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलनारं सॉफ्टवेअर. कापूस वेचायले मुकादम रातीच ठरवते ना कोनती बाई कोनत्या तासावर, मंग सकाळी वावरात विचारपूस नाही, तसंच हे. सुपरस्केलर प्रोसेसरमंदी (तेही एका टायमाले बऱ्याच इन्स्ट्रक्शन चालवते) हाच हिशोब चिप चालता चालता करते, त्याले सर्किट लय लागते अन् पॉवर पन. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) सी6000 डीएसपीत (आवाज-चित्रासारख्या सिग्नलवर काम करनारी चिप) आठ युनिट हायेत, 256 बिटचं पॅकेट एका टायमाले येते, 32-32 बिटच्या आठ इन्स्ट्रक्शन, अन् कोनत्या संग चालवाच्या ते एकेका बिटनं सांगतलेलं असते. ते बिट पाय, मस्त डोकं लावलं हाय.

दर्यापूरचा पोट्टा:
मंग इंटेलचं इटॅनियम प्रोसेसर काहून नाही चाललं?

जुना इंजिनिअर:
ते शुद्ध व्हीएलआयडब्ल्यू नाही, इंटेल त्याले एपिक (एक्सप्लिसिटली पॅरलल इन्स्ट्रक्शन कॉम्प्युटिंग) म्हने, 128 बिटच्या बंडलमंदी तीन इन्स्ट्रक्शन. एक मोठी अडचन म्हंजे मेमरी. डेटा कॅशमंदी (प्रोसेसरजवळची छोटी, फास्ट मेमरी) सापडन का नाही हे कंपायलरले आधी कसं समजन? रातीच वाटनी केली अन् सकाळी पानी आलं तर सगळ्या बाया बांधावर बसून. डीएसपीत लूप ठरलेले असतात म्हनून तिथं जमते, क्वालकॉमचं हेक्सागॉन डीएसपी पाय, मोबाईलमंदी चालूच हाय. व्हीएलआयडब्ल्यू हे नाव देनाऱ्या जोश फिशरचं ट्रेस शेड्युलिंग (कंपायलरनं अशी वाटनी कराची पद्धत) पयले वाच, बाकी मंग.