आरोग्य विमा पोर्ट करताना जुन्या संरक्षणाचा पुरावा काय द्यायचा? (मधुमेह, स्टेंट)

भरतीओहोटी
वडील ६३ वर्षांचे. मधुमेह २०१८ पासून, स्टेंट २०२१ मध्ये. पॉलिसी १८ ऑगस्ट २०२२ पासून सलग चालू आहे, फ्लोटर (सगळ्यांना मिळून एकच रक्कम). सुरुवातीला विमा रक्कम ३ लाख होती, ऑगस्ट २०२४ च्या नूतनीकरणात ५ लाख केली. आईचं नाव (रक्तदाब, थायरॉइड) ऑगस्ट २०२३ मध्ये जोडलं. दोघांचेही आजार पॉलिसीत जाहीर केलेले आहेत, एकही क्लेम नाही. चालू पॉलिसी १७ ऑगस्ट २०२६ ला संपते. आता १० लाखांसाठी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचं आहे (म्हणजे जुने महिने धरून कंपनी बदलायची).

अडचण अशी की २०२२ ची पॉलिसी सापडत नाही. एजंट म्हणतो, हप्त्याच्या पावत्या आणि ८०डीचे (करसवलतीचे) दाखले पुरेत. कंपनीच्या कॉल सेंटरवर विचारलं तर 'सलगतेचं प्रमाणपत्र' असं काही देत नाही म्हणाले. मग नक्की कोणता कागद द्यायचा? आणि १० लाखांपैकी किती रकमेला वेटिंग पिरियड (आधीच्या आजारांचा खर्च न मिळण्याचा सुरुवातीचा काळ) लागणार नाही?

शेड्यूल_वाचा
कॉल सेंटरचं बरोबर आहे, तसं वेगळं प्रमाणपत्र नसतं. पुरावा म्हणजे दर वर्षाच्या पॉलिसी शेड्यूलची (नावं, रक्कम, तारखा असलेल्या मुख्य पानाची) साखळी. तुमच्या बाबतीत चार: २०२२, २०२३, २०२४, २०२५.

एजंटचं मात्र ऐकू नका. पावती किंवा ८०डीचा दाखला एवढंच सांगतो की हप्ता भरला. त्या वर्षी कोणाकोणाचं नाव होतं, रक्कम किती होती, कोणता आजार नोंदलेला होता, हे सगळं त्यावर असेलच असं नाही आणि क्लेमच्या वेळी वाद नेमका याच तीन गोष्टींवर होतो.

२०२२ ची प्रत परत मिळते. आधी कंपनीच्या पोर्टलवर जुन्या पॉलिसी दिसतात का बघा. नसेल तर नोंदणीकृत ईमेलवरूनच लेखी मागा (दुसऱ्या ईमेलवरून गेलेली विनंती बहुधा परत येते). चारही वर्षांचे पॉलिसी क्रमांक लिहा आणि शेड्यूल, एन्डॉर्समेंट (पॉलिसीत केलेल्या बदलाची नोंद) व क्लेमचा तपशील मागा. जुना क्रमांक माहीत नसेल तर २०२३ च्या शेड्यूलवर 'मागील पॉलिसी क्रमांक' छापलेला असतो.

प्रती आल्या की एकेका शेड्यूलवर हे ताडून पाहा: प्रत्येक सदस्याची पहिल्यांदा संरक्षण सुरू झाल्याची तारीख, विमा रक्कम, जमा बोनस (क्लेम न केल्याने वाढलेली रक्कम), जाहीर आजार, जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग. एका वर्षी मधलं नाव आहे आणि दुसऱ्या वर्षी नाही, अशा किरकोळ फरकानेही नव्या कंपनीला माणूस जुळत नाही. हे जुन्या कंपनीकडूनच, पोर्टचा अर्ज करण्याआधी, एन्डॉर्समेंटने दुरुस्त करून घ्या. पोर्ट झाल्यावर जुनी कंपनी जुन्या कागदाला हात लावायला फारशी उत्सुक नसते.

मधल्या काळात कंपनीचं विलीनीकरण झालं असेल तरी साखळी तुटत नाही. अपोलो म्युनिकची पॉलिसी पुढे एचडीएफसी अर्गोची झाली, भारती अक्सा जनरलची आयसीआयसीआय लोम्बार्डची. जुन्या नावाचा कागदही जोडायचा.

तीन_थर
रकमेचं उत्तर देतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. पोर्ट केल्यावर '१० लाखांना सलगता' मिळत नाही. प्रत्येक सदस्याची आणि रकमेच्या प्रत्येक थराची सलगता वेगळी मोजतात. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत आधीच्या आजारांसाठी वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने आहे (पूर्वी ४८ होता). नव्या पॉलिसीचा कालावधी धरायचा आणि त्यातून जुने महिने वजा करायचे.

वडील: पहिल्या ३ लाखांना ऑगस्ट २०२६ मध्ये ४८ महिने पूर्ण, म्हणजे वेटिंग संपलं. मधल्या २ लाखांना २४ महिने झाले, १२ उरले. वरचे ५ लाख नवे, त्यांना पूर्ण ३६.

आई: ३ लाखांना बरोबर ३६ पूर्ण, २ लाखांना १२ उरले, नव्या ५ लाखांना ३६. आईची तारीख २०२३ ची आहे, २०२२ ची नाही. अर्जात एकच तारीख टाकली की पुढे गोंधळ होतो.

यावरून नवी पॉलिसी निवडायचा एक निकष मिळतो. काही पॉलिसींत आधीच्या आजारांना २४ महिनेच वेटिंग असतं. तशी घेतलीत तर दोघांचेही जुने ५ लाख पहिल्या दिवसापासून मोकळे. हप्ता थोडा जास्त असला तरी स्टेंट असलेल्या माणसासाठी मी हेच आधी बघेन.

जमा बोनसही जुन्या रकमेत धरून पोर्ट होतो, पण अर्जात तो लिहावा लागतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक आजारांच्या वेटिंगलाही हेच गणित लागतं. ६० महिन्यांच्या मोरॅटोरियमलाही (ज्यानंतर फसवणूक सोडून माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही), आणि तोही वाढवलेल्या रकमेपुरता वाढवल्या तारखेपासून मोजतात.

शेड्यूल_वाचा
तारखा. पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी आणि ६० दिवसांपेक्षा लवकर नाही. तुमची खिडकी १८ जून ते ३ जुलै २०२६. उशिरा आलेला अर्ज घ्यायचा की नाही हे नव्या कंपनीच्या मर्जीवर, म्हणून कागद मे महिन्यातच गोळा करा.

अर्ज म्हणजे दोन फॉर्म: पोर्टेबिलिटीचा आणि नेहमीचा प्रपोजल फॉर्म (विम्याचा अर्ज). सोबत चार शेड्यूल, २०२१ ची डिस्चार्ज समरी व अँजिओप्लास्टीचा अहवाल, अलीकडचे एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), ईसीजी आणि टू-डी एको, चालू औषधांची चिठ्ठी, क्लेम नसल्याचं स्वतःचं निवेदन. नवी कंपनी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या (विमा कंपन्यांची माहिती ठेवणारी संस्था) पोर्टलवरून जुन्या कंपनीकडे माहिती मागते. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार जुन्या कंपनीने ती ७२ तासांत द्यायची आणि ती मिळाल्यावर नव्या कंपनीने ५ दिवसांत निर्णय कळवायचा.

पोर्ट हा हक्क असला तरी नव्या कंपनीने स्वीकारलंच पाहिजे असं नाही. स्टेंट पाहून लोडिंग (वाढीव हप्ता) लावतील किंवा नाकारतील. वाढीव हप्त्याचं पत्र आलं तर संमती लगेच कळवा, अर्ज बहुतेक तिथेच पडून राहतात. लेखी होकार आणि पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही. १७ ऑगस्ट जवळ आली आणि उत्तर नाही, तर सरळ जुनीच नूतनीकरण करा आणि पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पिरियड (मुदत संपल्यावर हप्ता भरायची सवलत) आहे, त्यात भरलं तर सलगता टिकते, पण हप्ता न भरलेल्या मधल्या दिवसांत आलेला दवाखान्याचा खर्च मिळत नाही.

पुण्याची_सायली
आणखी एक धोका, जो फार उशिरा लक्षात येतो: घाईत एजंट पोर्टऐवजी 'नवी पॉलिसी' म्हणून प्रपोजल टाकतो. हप्ता तोच, कार्ड तसंच, पण सगळे महिने शून्य होतात. 'नंतर पोर्टमध्ये बदलून देतो' यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून नवं शेड्यूल आल्या दिवशी वाचा. त्यावर पोर्टेबिलिटी असा उल्लेख हवा, जुन्या कंपनीचं नाव व पॉलिसी क्रमांक हवा, प्रत्येक सदस्याची सलगतेची तारीख हवी (वडील १८/०८/२०२२, आई १८/०८/२०२३), पोर्ट झालेली रक्कम वेगळी दाखवलेली हवी, आणि सुरुवात १८ ऑगस्ट २०२६ हवी, १९ नव्हे. चूक असेल तर ईमेलने एन्डॉर्समेंट मागा. ३० दिवसांच्या फ्री लूकमध्ये पॉलिसी रद्द करता येते, पण तोवर जुनी संपलेली असते आणि तिच्या ग्रेस पिरियडचे दिवस सरत असतात. त्यामुळे रद्द करण्यापेक्षा दुरुस्ती मागणं शहाणपणाचं.

दुरुस्ती झाली नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, मग बीमा भरोसा (विमा नियामकाचं तक्रार पोर्टल) किंवा त्याची हेल्पलाइन १५५२५५. महिनाभरात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, तक्रारीला शुल्क नाही.

भरतीओहोटी
खूप आभार. २०२२ ची प्रत आजच मागतो. एक राहिलं: आई २०२३ च्या आधी तीन वर्षं बहिणीच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत होती. ते महिने धरतील का?

तीन_थर
आता नाही. ग्रुपमधून बाहेर पडताना आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन घ्यावं लागतं आणि पुढच्या नूतनीकरणाला दुसरीकडे पोर्ट करता येतं. आईंना तेव्हा वेगळ्या कंपनीत थेट जोडलं असेल तर ती साखळी तिथेच तुटली. अर्जात तो काळ सलगता म्हणून लिहू नका. मात्र त्या ग्रुप पॉलिसीत काही क्लेम झाला असेल तर आजाराच्या माहितीत तो नक्की लिहा.

बहीण अजून त्या ऑफिसात असेल आणि वडीलही तिच्या ग्रुपमध्ये असतील, तर नोकरी सोडण्याआधी एचआरकडून सदस्याचं नाव, समाविष्ट झाल्याची तारीख आणि विमा रक्कम असलेलं पत्र घेऊन ठेवायला सांगा. टीपीएचं (क्लेम हाताळणाऱ्या मधल्या संस्थेचं) ई-कार्ड चालत नाही, त्यावर चालू वर्षच असतं.